आराम हराम नाही

‘आराम हराम है’ ही पंडित नेहरूंच्या नावाशी जोडली गेलेली घोषणा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी शाळेच्या भिंतीवर वाचली आहे. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला ती सांगितली गेली होती आणि तिचा रोख आळसावर होता. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी मात्र ती अक्षरशः मनावर घेतली. सकाळी सर्वांत आधी शटर उघडणारा आणि रात्री सर्वांत शेवटी कुलूप लावणारा तो खरा धंदेवाला, अशी आपल्या बाजारांत समजूत आहे. ‘दहा वर्षांत एक दिवस दुकान बंद ठेवले नाही’ हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते आणि ऐकणाराही ‘माशाअल्लाह’ म्हणून मान डोलावतो.

मेहनतीबद्दल आम्हांला आदरच आहे. हाताच्या कष्टाची हलाल रोजी याहून मोठे भूषण कारागिराला दुसरे नाही. परंतु मेहनत वेगळी आणि स्वतःला झिजवणे वेगळे. विश्रांती म्हणजे कामातून चोरलेला वेळ नसून ती कामाचाच एक भाग आहे, आणि जो धंदेवाईक ती घेत नाही तो जास्त कमावत नाही, बहुधा कमीच कमावतो, असे आमचे मत आहे. हे मत आम्ही नुकसान सोसून बनवले आहे, म्हणून आधी आमचीच गोष्ट सांगतो.

एका रात्रीचा हिशेब

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा व्यवसाय कापडाचा आणि शिलाईचा. रमजानचा शेवटचा आठवडा होता. सकाळी नऊला दुकान उघडायचे, रात्री दोनला शटर खाली यायचे, सहरीपर्यंत डोळा लागला तर लागला. असे दहा-बारा दिवस सलग चालले होते. अशाच एका रात्री दीडच्या सुमारास एका शाळेच्या गणवेशाच्या कामाचा भाव कळवायचा होता. सकाळी कळवले असते तरी चालले असते, पण ‘आजचे काम आजच’ या हट्टाने आम्ही गिऱ्हाईक गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कापडाचा हिशेब ५८ इंची पन्ह्यावर केला. शाळेने पसंत केलेल्या नमुन्याचा पन्हा होता ३६ इंचांचा. नमुना समोरच पडला होता, त्याच्यावर चिठ्ठीही होती. पण थकलेल्या डोळ्यांना ती दिसली नाही.

कापड आणताना चूक ध्यानात आली. हिशेबापेक्षा दीडपटीहून अधिक कापड लागणार होते. जबान देऊन झाली होती, शाळा उघडण्याची तारीख ठरलेली होती, मागे फिरणे शक्य नव्हते. ते काम आम्ही ठरल्या भावाने पुरे केले. त्या रमजानमध्ये रात्री जागून जे मिळवले होते, ते जवळजवळ सर्व त्या गणवेशांत गेले. त्या दिवसांत कारागिरांनाही आम्ही आमच्याबरोबर जागवले होते. त्यांच्या हातून उलटी लागलेली कॉलर, चुकलेले काज यांचा हिशेब तर आम्ही धरलाच नाही.

त्यानंतर आम्ही इतर बांधवांकडे चौकशी केली. जवळपास प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट निघाली. कुणी रात्री उशिरा उधारी लिहायची विसरला, कुणी एकाच मालाचे पैसे दोनदा दिले, कुणी डुलकी लागल्याने मोटारसायकलवरून पडला, तर कुणी थकव्यात तोल सुटून वीस वर्षांचा जुना कारागीर एका शब्दाने घालवला. या नुकसानीची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. नशिबाच्या नावावर ती टाकली जाते. आमच्या मते ती विश्रांतीच्या नावावर टाकायला हवी.

थकवा म्हणजे एक प्रकारची नशाच

हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. १९९७ साली डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस सलग १७ तास जागा राहिला की हात आणि डोळे यांचा मेळ घालण्याचे त्याचे कौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके खालावते, असे त्यांना आढळले. २४ तासांच्या जागरणानंतर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीवर जाते. आपल्या देशात मोटार चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे मर्यादा ०.०३ टक्के.

आता हिशेब करा. फजरसाठी पाच वाजता उठलेला माणूस दुपारी टेकला नाही, तर रात्री दहा वाजता तो सतरा तास जागा असतो. ज्याने आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही, असा आपला परहेजगार दुकानदार रोज रात्री दहानंतर त्याच अवस्थेत गल्ला मोजतो, भाव ठरवतो, चेकवर सही करतो आणि टेम्पो चालवून घरी जातो. कात्रीने कापड कापणारा, कटरवर लाकूड चिरणारा, वेल्डिंग करणारा कारागीर तर त्याच अवस्थेत हत्यार हाताळतो. नशा चढलेल्या माणसाला आपण नशेत आहोत हे उमगत नाही, तसेच थकलेल्यालाही आपली बुद्धी मंदावली आहे हे कळत नाही. ‘मला सवय आहे’ असे तो सांगतो. सवय जागण्याची होते, चुका टाळण्याची होत नाही.

कारखान्यांनी शिकवलेला धडा

जास्त तास म्हणजे जास्त काम, हा समज मोडून काढला तो दानशूरांनी नव्हे, तर हिशेबी माणसांनी. जर्मनीत येना शहरी झाइस हा दुर्बिणी व सूक्ष्मदर्शकांचा प्रसिद्ध कारखाना आहे. त्याचे प्रमुख एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि आधीच्या व नंतरच्या कामाची मोजदाद केली. एक तास घटला, पण दिवसाचे काम घटले नाही. उलट किंचित वाढले. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली नऊ तासांचा दिवस आठ तासांचा केला आणि १९२६ साली आठवडा पाच दिवसांचा केला. फोर्ड हे काही कामगारांचे पुढारी नव्हते. नफा कशात आहे हे त्यांना कळत होते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळे बनवणारे कारखाने रविवारीही चालवले गेले. सरकारने नेमलेल्या समितीने कामगारांचे, त्यांतही बहुतांश स्त्रियांचे, आठवड्याचे तास आणि त्यांनी केलेले काम यांची नोंद ठेवली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकावेल यांनी जवळजवळ शंभर वर्षांनी ती आकडेवारी पुन्हा तपासली आणि २०१४ साली आपले निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढले की काम त्याच प्रमाणात वाढते. त्यापुढे प्रत्येक जादा तासाचे फळ कमी कमी होत जाते. ७० तास राबलेल्या आठवड्याचे काम ५६ तासांच्या कामाहून फारसे वेगळे नव्हते. मधले चौदा तास जवळजवळ पाण्यात. शिवाय आठवड्याची सुट्टी नसेल तर उरलेल्या दिवसांचे कामही घसरते, असेही त्यांना दिसले.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर त्या चौदा तासांची वीज जळली, चहा झाला, यंत्र झिजले, माणूस झिजला आणि माल मात्र वाढला नाही. असा सौदा कोणता शहाणा व्यापारी करील? पण दुकानात आणि कारखान्यात आपण तो दर आठवड्याला करतो.

आपल्या मागावर काय होते?

कुणी म्हणेल, तोफगोळ्यांचे आणि आपले काय? मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाची गती मोटार ठरवते. माणूस थकला तरी माग थकत नाही. ही गोष्ट खरी आहे. पण माग चालतो म्हणजे कापड विणले जातेच असे नाही. ताण्याचा धागा तुटला की विणकराने तो पाहिला पाहिजे, माग थांबवला पाहिजे, गाठ मारून धागा फणीतून पुन्हा ओवला पाहिजे. कांडी संपली की बदलली पाहिजे. एका माणसाकडे चार, सहा, कधी त्याहून अधिक माग असतात आणि पाळी बारा तासांची. पहाटे चारला विणकराची नजर मंदावली की तुटलेला धागा उशिरा दिसतो आणि ताक्यात डाग राहतो. मालक संध्याकाळी मीटर मोजतो, पण व्यापाऱ्याच्या टेबलावर ताका उलगडला जातो तेव्हा डॅमेजचा भाव वेगळा लागतो. तेव्हा मालक विणकरावर चिडतो आणि बारा तासांची पाळी निर्दोष सुटते.

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद राहतात. सहा दिवस खडखडणारे शहर एक दिवस शांत होते, त्यामुळे ते शहर काही भिकेला लागलेले नाही. आठवड्याच्या सुट्टीची आपल्या महाराष्ट्रातील परंपराही मोठी आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरण्या त्यानंतर बुडाल्या नाहीत. उलट पुढे अनेक दशके वाढतच गेल्या.

आज गंमत अशी की कामगाराला सुट्टी देणारा कायदा आहे, मालकाला सुट्टी देणारा कोणी नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षभर सर्व दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, पण कामावरील माणसाला आठवड्याची सुट्टी देण्याचे बंधन कायम ठेवले. मालकाने स्वतःच स्वतःला सुट्टी दिली पाहिजे. आणि ज्या छोट्या कारखान्यांत मालकच कारागीर आहे, तेथे तर कोणीच कोणाला देत नाही.

‘परवडत नाही’ हे उत्तर

या विषयावर बांधवांशी बोलताना एक उत्तर ठरलेले असते. ‘तुमचे म्हणणे ठीक आहे, पण आम्हांला परवडत नाही.’ हे उत्तर आम्ही हसण्यावारी नेत नाही. दुकानाचे भाडे बंद दिवशीही चालू राहते. समोरचा दुकानदार उघडा असेल तर गिऱ्हाईक तिकडे वळते. आता तर मोबाईलवरून मध्यरात्रीही माल मागवता येतो. मीटरवर किंवा नगावर मजुरी मिळवणाऱ्या कारागिराला तर सुट्टी म्हणजे त्या दिवसाची चूल. त्याला ‘आराम कर’ असे नुसते सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल.

म्हणून आमचे म्हणणे दोन भागांत आहे. कारागिराच्या विश्रांतीचा भार मालकाने उचलला पाहिजे. मजुरीचा दर असा असावा की सहा दिवसांच्या कामात सात दिवसांचे घर चालेल. हा केवळ दयेचा प्रश्न नाही. ताजा कारागीर डॅमेज कमी करतो, हत्यार जपतो आणि दुसऱ्या कारखान्यात पळत नाही. नवा माणूस शिकवून तयार करण्याचा खर्च ज्याने एकदा केला आहे, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा भाग मालकाचा. आपण स्वतःला विचारावे, दुकानातले आपले खरे काम कोणते? बारा-चौदा तास गादीवर बसणे हे ते काम नव्हे. कोणता माल घ्यावा, कोणाला किती उधार द्यावे, कोणता कारागीर कोठे लावावा, कोणत्या सौद्याला नाही म्हणावे हे मालकाचे काम आहे. दिवसात असे खरे निर्णय चार-पाचच असतात आणि महिन्याचा नफा-तोटा त्यांवरच ठरतो. ते शांत डोक्याने होणे हे दोन तास जास्त बसण्याहून कितीतरी मोलाचे आहे. रात्री नऊनंतर किती विक्री होते आणि तेवढ्यासाठी वीज, नोकर व स्वतःचा जीव किती खर्ची पडतो, हे एक महिना वहीत लिहून पाहा. आम्ही लिहून पाहिले आणि नऊला दुकान बंद करू लागलो. महिनाभर भीती वाटली. पुढे गिऱ्हाइकाने आपली वेळ बदलली.

आणखी एक प्रश्न. तुम्ही चार दिवस आजारी पडलात तर दुकान चालेल का? उधारी कोणाकडे किती आहे, कोणत्या पेढीचा माल कोणत्या भावाने येतो, हे घरात दुसऱ्या कोणाला माहीत आहे का? नसेल तर तुम्ही धंदा उभा केलेला नाही. स्वतःच स्वतःची नोकरी करीत आहात, तीही बिनसुट्टीची. आठवड्यातून एक दिवस दुकान मुलाच्या, भावाच्या किंवा विश्वासू माणसाच्या हाती देणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे. त्यात जे उणे दिसेल ते दुरुस्त करायला तुम्ही हयात असता. वडील अचानक गेल्यानंतर मुलाला अर्धी उधारी सापडतच नाही, अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत.

शरीराचा हक्क

आपल्या दीनने या बाबतीत काय शिकवले आहे, हे आपण विसरतो. रात्र आरामासाठी आणि दिवस रोजीसाठी ही विभागणी कुरआनने सांगितली आहे. जुम्याची अजान झाली की व्यापार सोडावा आणि नमाजनंतर पुन्हा रोजीच्या शोधात निघावे, असा आदेश आहे. म्हणजे व्यापाराला ना तुच्छ मानले, ना बेलगाम सोडले. दिवसभर रोजे आणि रात्रभर इबादत करणाऱ्या एका सहाबींना प्रेषितांनी (सल्ल.) समजावले होते की तुझ्या शरीराचा, तुझ्या डोळ्यांचा आणि तुझ्या पत्नीचाही तुझ्यावर हक्क आहे. इबादतीतही जो अतिरेक मान्य झाला नाही, तो गल्ल्यावर बसण्यात कसा मान्य होईल?

दुपारचा कैलुला ही तर आपली जुनी रीत. पुण्याच्या पेठांतील एक ते चारच्या सुट्टीची आपण थट्टा करीत आलो, पण त्यात शहाणपण होते. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना प्रवासात चाळीस मिनिटे झोपण्याची संधी देऊन पाहिली. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि तेवढ्यानेही विमान उतरवण्याच्या वेळी ते न झोपलेल्यांपेक्षा अधिक सावध आढळले. जोहरनंतर गादीवर अर्धा तास आडवे होणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांना हे विमानात न बसताच ठाऊक होते.

हक्क डावलल्यास शरीर वसुली करते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. आठवड्याचे ५५ तास म्हणजे सहा दिवसांच्या हिशेबाने रोज नऊ तासांहून थोडे अधिक. आपल्यातील बहुतेकांचे तेवढे तास बुधवार-गुरुवारपर्यंतच भरतात.

काय करता येईल?

मोठ्या सुधारणांची वाट पाहण्याचे कारण नाही. आम्ही स्वतः पाळतो त्या चार-पाच गोष्टी सांगतो. आठवड्यातून एक दिवस, निदान अर्धा दिवस, धंद्यापासून पूर्ण सुटका घ्यावी. त्या दिवशी फोनही दुसऱ्याच्या हाती असावा, नाहीतर दुकान खिशातून घरी येते. दुपारी वीस-तीस मिनिटे टेकावे. भाव देणे, सही करणे, मोठी उधारी मंजूर करणे, कोणाला कामावरून काढणे यांपैकी काहीही इशाच्या नमाजनंतर करू नये, सकाळवर ढकलावे. ईद, लग्नसराई, शाळा उघडणे हे हंगाम अचानक येत नाहीत, त्यांच्या तारखा ठाऊक असतात. तेव्हा शिलाईची कामे शाबानपासूनच घ्यावीत, आणि हात भरले की पुढचे काम नम्रपणे नाकारावे. एकाच गल्लीतील दुकानदारांनी मिळून सुट्टीचा वार ठरवला तर समोरच्याची भीतीही उरत नाही. बाजाराच्या संघटनेने मनावर घ्यावे असे हे काम आहे.

मिरजेचे तंतुवाद्य कारागीर पंढरपूरकडचा भोपळा आणला की लगेच त्याची सतार करायला बसत नाहीत. तो नीट वाळू देतात, कारण घाईने लावलेला भोपळा पुढे तडकतो आणि सूर बिघडतो, हे त्यांना ठाऊक आहे. पाववाला पीठ मळून फुगण्यासाठी ठेवतो. सुतार ओले लाकूड दाराला लावीत नाही. वस्तूला किती वेळ द्यावा हे आपल्या कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही. तोच न्याय त्याने स्वतःच्या हातांना लावावा आणि मालकाने आपल्या माणसांना लावावा, एवढीच आमची विनंती आहे.

बरकत ही तासांत मोजता येत नाही, असे आपले वडीलधारे सांगत असत. येत्या शुक्रवारी नमाज पढून दुकानाकडे धावण्याऐवजी बांधवांनी एकदा घरी जावे, मुलांबरोबर जेवावे आणि थोडे आडवे व्हावे. शनिवारी सकाळी गल्ल्यावर बसल्यावर मग आमच्या म्हणण्याचा विचार करावा. ताज्या डोक्याने केलेला विचार आमच्याच बाजूने पडेल, अशी आमची खात्री आहे.